चंदीगड खुर्ची आपल्या सुतारांनी बनवावी की नाही?

सावनेरकर: माझं मत, बनवावी. चंदीगड उभं राहत असताना, १९५०च्या दशकात, सरकारी कचेऱ्या आणि कॉलेजांसाठी वास्तुविशारद प्येर जानरे यांनी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. यूली चौधरींसारखे भारतीय वास्तुविशारद सोबत होते. रंधा मारला तो मात्र इथल्याच सुतारांनी, वेगवेगळ्या कारखान्यांत. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापंसुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. पुढे त्याच खुर्च्या भंगाराच्या भावात गेल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. हे पाहून जीव जळतो. बल्लारशाहचा सागवान आपल्या हाताशी आहे, मग हा नमुना आपण का करू नये?

मेघना, धरमपेठ: करा ना भाऊ, पण काय करताय ते समजून करा. इथल्या एका दुकानात 'चंदीगड' म्हणून ठेवलेली खुर्ची पाहिली. पाय बैठकीला खालून स्क्रूनं ठोकलेले! मूळ खुर्चीत उलट्या व्हीसारखे तिरके पाय वर चढून हात पेलतात आणि बैठक त्यांच्यामध्ये धरलेली असते. माणूस मागे रेलला की तो जोर त्याच पायांतून जमिनीत उतरतो. इमारतीचा सांगाडा आखणाऱ्यालाच हे सुचणार. दुकानातल्या खुर्चीत ते पाय नुसते शोभेचे.

विनायकराव: कौतुक पुरे. कचेरीत उभा जन्म लाकडी खुर्चीवर गेला, आता घरी गादीचा सोफाच पाहिजे. गुडघे दुखणाऱ्यानं त्या बुटक्या खुर्चीतून उठायचं कसं जी?

मेघना, धरमपेठ: काका, बुटकी ती आरामखुर्ची. कचेरीची नेहमीच्या उंचीची असते. आणि मे महिन्यात फोमला पाठ चिकटते, वेताच्या जाळीतून हवा खेळते.

राहुल, इतवारी: सागाला वाळवी सहसा लागत नाही, मान्य. पण वेत सैल पडला की विणणारा आणायचा कुठून? आणि कारकुनाची खुर्ची बंगल्यांत मिरवायची, ही फॅशन आपण कशाला उचलायची?

सावनेरकर: राहुलभाऊ, म्हणूनच तर बंगल्यासाठी नको म्हणतो मी! वाचनालयात ठेवा, अभ्यासिकेत ठेवा, ती त्यासाठीच बनली होती. वेत मिळत नसेल तर सुती नवार विणा. मेघनाताईंचं एक पटलं: सुताराच्या हाती मोबाइलवरचा फोटो देऊ नका, पूर्ण मापाचा नकाशा द्या. पायांचा कोन चुकला की खुर्ची डुलणार.

राहुल, इतवारी: नवार विणलेली वाचनालयात बसवा, मी स्वतः वर्गणी देतो. बंगल्यातलीला माझा विरोध कायम.