मदत हवी आहे: १९१९ ची 'केएन' पेनी झिजलेली की मुळातच पुसट?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला राहतो. आधीचा छंद देशी नाण्यांचा, १८६२ च्या रुपयावरची टिंबं मोजण्यात बरीच वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी इथल्या कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) बिस्किटांच्या डब्यात भरलेल्या जुन्या पेनी मिळाल्या आणि नाद बदलला. सध्या १८६० ते १९३६ अशी सालवार मांडणी चालू आहे, म्हणजे ब्राँझच्या पहिल्या पेनीपासून पंचम जॉर्जपर्यंत. १९२३ ते २५ या सालांची पेनी पाडलीच नाही, त्या तीन जागांचा प्रश्न मिटला. १९३३ ची जागा रिकामीच राहणार, जगात सातेक नाणी आहेत म्हणे!

अडलंय ते १९१९ ला. १९१२, १९१८ आणि १९१९ या सालांत रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, काही पेनी बर्मिंगहॅमच्या खासगी टांकसाळींकडून पाडून घेतल्या. सालाच्या डावीकडे 'एच' असेल तर हीटनची, 'केएन' असेल तर किंग्ज नॉर्टनची. ही 'केएन' वापरलेल्या अवस्थेत मिळते, पण चांगल्या ग्रेडमध्ये मिळता मिळत नाही (ग्रेड म्हणजे झिजेनुसार दर्जा: फाइन, त्यावर व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन, त्यावर ईएफ म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन). एका विक्रेत्याकडे एक आहे. मागच्या बाजूला बसलेल्या ब्रिटानिया देवीचा चेहरा पार सपाट, छातीवरही काही उरलेलं नाही. मला ती जेमतेम फाइन वाटते. तो म्हणतो, ईएफ आहे, त्या काळची छापच कमजोर. भावही अर्थात ईएफचाच.

छाप कमजोर असायची हे मलाही माहीत आहे. राजाचं डोकं साच्यात इतकं खोल कोरलेलं होतं की ठोका बसताना धातू तिकडे ओढला जायचा आणि मागच्या बाजूला पुरायचा नाही. माझ्या काही नाण्यांवर ब्रिटानियाच्या मागे राजाच्या डोक्याची सावली दिसते, ती त्यामुळेच. पण म्हणून प्रत्येक सपाट नाणं 'कमजोर छाप' म्हणून खपवायचं का? झीज आणि पुसट छाप यांतला फरक तुम्ही कसा ओळखता?

जाता जाता दुसरा प्रश्न: १९२६ च्या दोन मुखड्यांपैकी दुर्मीळ कोणता, हे भिंगाने कसं बघायचं?

(आणि हो, कळंक चढलेल्या नाण्यांचं काय करायचं तेही सांगा. आई इथे आली होती तेव्हा तिने माझी १९१२ ची 'एच' चिंच-मीठ लावून घासली. देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखी लख्ख झाली आहे. तिला काय बोलणार!)

प्रतिसाद १:
मागची बाजू विसरा, आधी राजा बघा. कानावरचे केस, भुवई, मिशी. मागे ब्रिटानिया सपाट आणि पुढे केस न् केस सुटा दिसत असेल, तर छाप कमजोर. दोन्हीकडे सपाट असेल तर नाणं खिशांतून फिरलंय. मग एकाच दिव्याखाली तिरकं धरून फिरवा. झिजलेला भाग गुळगुळीत चकाकतो. न झिजलेल्या पुसट भागावर मूळ पोत शिल्लक असतो, खाचेत थोडी तांबूस झाकही सापडते. फोटोवरून ठरवू नका, हातात घ्या.

प्रतिसाद २:
१९२६ साठी राजाच्या मानेच्या कापावरची शिल्पकार बर्ट्रम मॅकेनलची आद्याक्षरं बघा. 'बी' आणि 'एम'नंतर टिंबं असतील तर नेहमीचा मुखडा. टिंबं नसतील आणि अक्षरं मानेच्या मागच्या बाजूला सरकलेली असतील तर सुधारित, म्हणजे दुर्मीळ. त्या सावलीवर उतारा म्हणूनच तो केला होता. टिंबं मोजायची सवय तुम्हाला आहेच.
कळंकाला चिंच नको, लिंबू नको, घासणं तर नकोच. मी शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवतो, त्याने तेलकट मळ जातो. हिरवा डाग खोल गेला असेल तर राहू द्यावा. आणि १९३४, ३५ ची काळपट पेनी मळकी समजून धुऊ नका हं, मिंटनेच ती काळी करून बाहेर काढलेली आहे.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. आज दुकानात जाऊन नाणं हातात घेतलं. कानावरचे केस सपाटच आहेत, पण भुवई आणि मिशी बरी आहे. म्हणजे थोडी छाप कच्ची, थोडी झीज. व्हीएफचा भाव सांगून आलोय. 'विचार करतो' म्हणाला. १९२६ च्या माझ्याकडे चार आहेत, चारांनाही टिंबं.