भयाच्या खेळात आधी यादी मागायची का?

घुबड
गेली चार वर्षं ऑनलाइन ग्रुपला भयाचे रोलप्लेइंग गेम चालवतोय (मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली कॅरेक्टर होऊन खेळतात). सगळे प्लेअर अठराच्या वरचे. परवा नव्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीची, घोषणा केली तर पहिलाच प्रश्न आला, "सेशन झिरोचा फॉर्म कुठाय?" म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत भरायची यादी: कोणते विषय अजिबात नकोत (लाइन्स) आणि कोणते पडद्याआड चालतील (व्हेल्स). ही 'लाइन्स आणि व्हेल्स'ची कल्पना रॉन एडवर्ड्सने २००३ मध्ये मांडली, ठाऊक आहे. पण भयाच्या खेळात असा फॉर्म म्हणजे भुताने बेल वाजवून घरात येणं. 'लहान मुलाचा मृत्यू चालेल का' असं आधी विचारलं, की तिसऱ्या सेशनला पाळणा दिसताच सगळे ओळखणार. घाबरायला आलात तर घाबरा. नाहीच झेपलं तर बाहेर पडायचं बटण आहेच. बोला.

रातकिडा
साफ असहमत. 'बटण आहेच' हे मीही म्हणायचे.
मग एकदा इस्पितळातला सीन चालवला. म्हातारा पेशंट, नळ्या, मुलगी डॉक्टरांना विचारतेय की अजून किती दिवस. मी अगदी रंगवून सांगत होते. बोललं की नावाभोवती हिरवं वर्तुळ पेटतं, ते एका प्लेअरचं वीस मिनिटं पेटलंच नाही. मला वाटलं, वा, काय गुंगलाय! दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. वडील जाऊन महिना झाला होता. 'मग उठून का नाही गेलास' विचारलं, तर म्हणाला, "बाकीच्यांचा खेळ मोडला असता."
समोरासमोर असतो तर त्याने खुर्ची मागे सरकवलेली दिसली असती. कॅमेरे बंद असले की आपल्याला फक्त शांतता ऐकू येते, आणि घाबरलेल्याची शांतता व दुखावलेल्याची शांतता सारखीच असते.

तिरका फासा
'आधी कळलं की भीती गेली' हेच मुळात पटत नाही. 'टेन कँडल्स' या भयाच्या खेळात शेवटी सगळी कॅरेक्टर मरणार, हे नियमातच लिहिलंय, तरी खेळताना घाम फुटतो. 'कॉल ऑफ कथुलू' हा असाच खेळ १९८१ पासून चाललाय. त्यात एका फटक्यात सॅनिटीचे (मनाच्या ताळ्याचे) पाच किंवा जास्त गुण गेले की बुद्धीचा फासा टाकायचा, आणि तो *यशस्वी* झाला तर वेड लागतं. कारण काय पाहिलं ते कॅरेक्टरला कळलं! दचकणं वेगळं, भय वेगळं.
(मात्र साठ चौकोनांवर टिक करायला लावणारे फॉर्म मलाही नकोत. कुणी वाचत नाही, खेळ चालवणारा कीपरसुद्धा.)

घुबड
उदाहरणं समोरासमोरच्या टेबलाची देताय. 'टेन कँडल्स'मध्ये खोलीत खऱ्या मेणबत्त्या विझत जातात. 'ड्रेड' या खेळात जेंगाचा, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, ठोकळा काढताना हात थरथरतो. ऑनलाइन यातलं काय उरतं? प्लेअर दुसऱ्या टॅबमध्ये काहीतरी बघत बसलेला असतो. माझ्याकडे धक्का हेच एक हत्यार आहे, तेही काढून घेताय.

रातकिडा
एकच कसं? खासगी मेसेज विसरलात. मी एकदा सगळ्यांना तळघराचं वर्णन सांगितलं आणि एकीला गुपचूप लिहिलं, 'तुला पाच खुर्च्या दिसतात.' बाकीच्यांना चार सांगितल्या होत्या. दहा मिनिटं ती गप्प. मग हळूच म्हणाली, "पाचवीवर कोण बसलंय?" पुढे मला काही करावंच लागलं नाही, आपसातच भांडले. हे टेबलाभोवती चिठ्ठी सरकवून जमत नाही, सगळ्यांना दिसतं.

काळी मांजर
घुबडांना माझं अर्धं समर्थन. आमच्याकडे एक्स-कार्ड होतं (जॉन स्टाव्रोपोलोसचं: कार्डाला हात लावला की ती गोष्ट खेळातून बाद, कारण विचारायचं नाही). एक भिडू फासा वाईट पडला की चॅटमध्ये 'एक्स' टाकायचा. त्याच्या कॅरेक्टरला ओरखडासुद्धा उमटेना. कारण विचारायची सोय नाही, मग करणार काय?

तिरका फासा
त्या भिडूला ग्रुपमधून काढायचं. कार्ड नसतं तर त्याने नियमांवरून हुज्जत घातली असती.

घुबड
बरं, रातकिड्याची गोष्ट डोक्यात बसली. प्रत्येकाला खासगीत दोनच प्रश्न विचारतो: काय अजिबात नको, काय नुसतं सुचवलेलं चालेल. उत्तरं माझ्यापाशी राहतील, म्हणजे पाळण्याचं गुपित फुटत नाही. पण एक्स-कार्ड नाही. ऐन रंगात आलेला सीन कुणी तोडलेला मला चालणार नाही.

रातकिडा
मग माझा तो प्लेअर तुमच्याकडेही तसाच बसून राहील. त्याला आधी विचारलं असतं तर त्याने 'सगळं चालेल' असंच लिहिलं असतं. इस्पितळ नको हे त्याला स्वतःलाच सीन सुरू झाल्यावर कळलं.