‘खान्देशचा बिहार झाला’ म्हणणाऱ्यांनो, खुनाचा आकडा आधी नीट वाचा

तापीकाठचा:
काल तालुक्याच्या ग्रुपवर परत तेच. एकाने पेपरातल्या तीन बातम्या एकाखाली एक चिकटवल्या आणि वर लाल अक्षरात ‘आठ दिवसात तीन मर्डर, खान्देशचा बिहार झाला, पोरं पुण्याला पाठवा’. लोकांनी धडाधड अंगठे दिले. मी दोन ओळी लिहिल्या तर म्हणे तुला पोलिसांनी पगार चालू केला का. म्हणून इथे सविस्तर लिहितो, ज्याला वाचायचं तो वाचेल.

जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांवर लोक होते. एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या अहवालात देशभरात २८,५२२ खून, दर लाखामागे २.१. हा दर आपल्या तीन जिल्ह्यांना लावून बघा (हा आपला खरा आकडा नव्हे, नुसतं गणित आहे), वर्षाला १६६ च्या आसपास येतात. म्हणजे आठवड्याला तीन! पोस्टवाल्याने ज्याच्यावरून बोंब मारली ती देशाची सरासरी आहे, तीही जुन्या लोकसंख्येवर. आणि ज्या बिहारच्या नावाने शंख करतो त्याच वर्षी तिथे २,९३० खून, दर २.३ च्या घरात. महाराष्ट्र २,२९५, दर १.८ च्या आसपास. फरक आहे, पण तेवढाच आहे.

दुसरं म्हणजे जागा जितकी लहान तितका आकडा उड्या मारतो. भुसावळ शहर २०११ ला १ लाख ८७ हजार, देशाच्या सरासरीने वर्षाला चार खून. २०१९ च्या ऑक्टोबरात एका रात्रीत नगरसेवकासह पाच जण गेले. वर्षाची सरासरी एका रात्रीत ओलांडली. पुढच्या वर्षी तीन झाले की साहेब लोक ‘घट’ म्हणून फोटो काढायला मोकळे आणि पाच झाले की पेपरवाले ‘वाढ’ म्हणायला मोकळे. दोघंही आपल्याला येडं बनवतात. एका गावाचा एका वर्षाचा आकडा घेऊन भांडू नका, निदान पाच-सात वर्षं एकत्र धरा.

पाचकंदील:
वा साहेब, सरासरी ऐकून पोट भरलं. ज्याच्या घरातला गेला त्याला जाऊन सांगा तुमचं २.१. मी धुळ्यात राहतो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मागच्या दिवाळीत पार्किंगवरून वाद झाला, एक पोरगा घरी गेला, परत आला तो कमरेला कट्टा लावूनच. वय असेल वीस-एकवीस. सुदैवाने चालला नाही. ते तुमच्या अहवालात कुठे आलं? कुठेच नाही. मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीकडून गावठी कट्टे येतात हे चोपड्यापासून धुळ्यापर्यंत शेंबड्या पोराला माहीत आहे. दहा वर्षांपूर्वी भांडण झालं की दगड उचलायचे, आता मुलं डायरेक्ट खिशात हात घालतात. हे वातावरण आकड्यात मावत नाही भो.

तापीकाठचा:
@पाचकंदील तो कट्टा आर्म्स अॅक्टच्या रकान्यात येतो, तक्रार केली असेल तर. केली होती का?

पाचकंदील:
समोरच राहतो तो. तुम्ही या धुळ्याला, तुम्ही करा तक्रार.

केळीवाला:
तक्रारीचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. खून बिन बाजूला ठेवा. यावल-रावेर पट्ट्यात रात्रीतून सबमर्सिबलची केबल कापून नेतात, तांबं काढायला शेताच्या कडेलाच जाळतात, सकाळी बांधावर काळी राख आणि वितळलेल्या प्लास्टिकचे गोळे. माझी दोनदा गेली. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणे अर्ज देऊन जा. एफआयआर नाही, साधा अर्ज! वर विचारतो बिल आहे का केबलचं. आता विहिरीत सोडलेल्या केबलचं बिल कोण जपून ठेवतो? हे सगळं अहवालात शून्य. मग तुमच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा?

पिंपळनेरी:
+१ केळीवाला. आमच्याकडे कांद्याच्या चाळीचे कुलूप तोडले तरी अर्जच. भंगारवाल्यांना विचारा तांबं कुठून येतं, एका दिवसात सगळं उघड होईल. पण विचारणार कोण.

शेवभाजी:
सगळं भंगारवाल्यावर ढकलू नका. माझ्या मामाची घड लागलेली केळी रात्री कोयत्याने आडवी केली. ओळीच्या ओळी. एक घड नेला नाही, नुसतं कापून टाकलं. चोर असता तर घड नेला असता ना? भाऊबंदकी आहे ती, बांधाची मोजणी होऊन आठवडा पण झाला नव्हता. गावात सगळ्यांना नाव माहीत, कागदावर ‘अज्ञात इसम’.

केळीवाला:
आणि पीकविमा पण मिळत नाही त्याचा. वादळाने पडली तर पंचनामा, माणसाने पाडली तर कोणी विचारत नाही. बागायतदारांनी यावर मोर्चा काढला पाहिजे, खुनाची चर्चा काय करता.

पिंपळनेरी:
मोर्चा कशाला, रात्रीची गस्त लावा आळीपाळीने. आम्ही लावली होती.

केळीवाला:
गस्त आम्ही घालायची, पगार त्यांनी घ्यायचा?

तापीकाठचा:
धागा केबलवर गेलाच आहे तर तिथूनच सांगतो. चोरीचा आकडा म्हणजे चोऱ्या किती झाल्या ते नसतंच, ठाण्याने किती लिहून घेतल्या ते असतं. केरळचा एकूण गुन्ह्यांचा दर वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतो, तिथले लोक काय आपल्यापेक्षा जास्त चोर आहेत? नोंद होते तिथे. उद्या तुमच्या ठाण्यात चांगला अधिकारी आला आणि प्रत्येक केबलचा एफआयआर घेतला तर तालुक्यात चोऱ्या चौपट ‘वाढल्या’ म्हणून त्याचीच बदली होईल. खुनाचं तसं नसतं, प्रेत अर्जावर भागत नाही. म्हणून दोन जिल्हे ताडून बघायचे तर खुनाचाच आकडा घ्यावा, बाकीचे सगळे ढिले.

आणि @शेवभाजी, तुझ्या मामाच्या बांधाचाच मुद्दा आहे. त्या २८,५२२ पैकी ९,९६२ चं कारण ‘वाद’ म्हणून नोंदलंय, तीनात एक. वैमनस्य ३,७६१, फायद्यासाठी १,८८४. आपण घाबरतो रात्रीच्या अनोळखी चोराला, आणि मारतो कोण? ज्याच्याशी बांध, नळ, पैसे, पार्किंग यावरून वाजलेलं असतं तो.

सातपुड्याची_लेक:
‘प्रेत अर्जावर भागत नाही’ हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. भागतं दादा, बाईचं असेल तर भागतं. आमच्या शेजारच्या वहिनी विहिरीत ‘पाय घसरून’ गेल्या. चपला कठड्याजवळ जोडीने काढून ठेवलेल्या मी स्वतः बघितल्या. पाय घसरणारी बाई आधी चपला काढते का? आणि आदल्या रात्री त्यांच्या घरातला आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला होता. उडी मारली का ढकललं मला माहीत नाही, पण कोणी विचारलं पण नाही. अकस्मात मृत्यू नोंदवला, दशक्रिया झाली, विषय संपला. लग्नाला नऊ वर्षं झालेली, त्यामुळे सात वर्षांच्या आतलं हुंडाबळीचं कलमही नाही. तशीही हुंडाबळीची बाई तुमच्या २८,५२२ मध्ये धरलेली नसते, तो रकाना वेगळा, देशात साडेसहा हजारांच्या आसपास. मग बायांसाठी खान्देश सेफ आहे की नाही हे तुमच्या कुठल्या आकड्यावरून ठरवायचं?

पाचकंदील:
घ्या. आता बोला तापीकाठचे. 👏

तापीकाठचा:
@सातपुड्याची_लेक ताई, एडीचं (अकस्मात मृत्यूचं) रजिस्टर हे पोलिसांचं सगळ्यात कमी वाचलं जाणारं रजिस्टर आहे यावर माझा वाद नाही. पण त्याने पोस्टवाला बरोबर ठरत नाही. तो गल्लीतल्या गुंडाची भीती घालतोय, तुम्ही सांगताय ते घराच्या आतलं आहे.

लोको_शेड:
भुसावळकर म्हणून दोन पैसे टाकतो. रुळावर सापडलेलं प्रेत लोहमार्ग पोलिसांकडे जातं, त्यांचा हिशोब जिल्ह्याच्या हिशोबात नसतो, तक्त्यात रेल्वेची ओळ वेगळी. दरोड्यात खून झाला तर तो दरोड्याच्या रकान्यात, खुनाच्या नाही. आणि एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजताना सगळ्यात जड एकच धरतात. मुख्य म्हणजे केस किती आणि माणसं किती हे दोन वेगळे आकडे असतात. साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारलं. घटना म्हणून मोजली तर एक, माणसं मोजली तर पाच.

अजून एक कोणी बोलत नाही. तोच चाकू, तोच घाव, माणूस दवाखान्यात वेळेत पोहोचला तर कलम ३०७, खुनाचा प्रयत्न; नाही पोहोचला तर ३०२, खून (आता नवीन संहितेत १०९ आणि १०३). २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली, जळगावला मेडिकल कॉलेज झालं. त्याने जेवढे वाचले तेवढे खून कमी झाले, मारणारे काही सुधारले नाहीत. तेव्हा ३०२ सोबत ३०७ पण बघा.

पाचकंदील:
हेच तर मी मघापासून सांगतोय फक्त मला कलमं पाठ नाहीत!!

तापीकाठचा:
तुम्ही वातावरण म्हणत होता. हे मोजता येतं, वातावरण नाही. ३०७ चं मान्य. पण ते लिहून घेणाऱ्याच्या मर्जीवर असतं, डोक्याला चार टाके पडले तरी ३२४ (हत्याराने दुखापत) लावून मोकळे होतात आणि राजकीय भांडण असलं की खरचटल्यावर ३०७.

पाचकंदील:
म्हणजे तुम्हाला आवडेल तो आकडा खरा, आमचा आला की ढिला. भारी आहे. काय बोली ऱ्हायना भो तू, तुलेच समजत नही.

तापीकाठचा:
अहिराणीत शिव्या देऊन मुद्दा सिद्ध होत नाही. त्याच २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या, खुनांच्या दहापट. रस्त्यावर १५ हजारांवर मेले. आग्रा रोडवर आणि सुरत हायवेला रोज काय चालतं ते धुळेकराला मी सांगायचं? त्यावर लाल अक्षरात पोस्ट पडली का कधी ग्रुपवर?

पाचकंदील:
बरं बाबा, बिहार नाही झाला. देशाच्या सरासरीत बसलो, सत्कार ठेवा. पोराला मात्र मी पुण्यालाच पाठवणार.

शेवभाजी:
पुण्याला कोयते घेऊन फिरतात भाऊ 😂

सातपुड्याची_लेक:
हसा. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. जुन्या एडीची कागदं गावातल्या माणसाला मागता येतात का, का नातेवाईकच लागतो? त्यांच्या माहेरचे धडगाव तालुक्यातले, लिहिता-वाचता येत नाही त्यांना.

लोको_शेड:
माहेरच्यांच्या सहीने अर्ज करा. पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टची नक्कल मागा, एडी नंबर नसेल तर तारीख आणि गाव टाका. अर्ज मी लिहून देतो, मेसेज करा.

केळीवाला:
माझ्या केबलचा पण लिहून द्या मग.