पुठ्ठ्याआतली ढाल कुणाची?

प्रश्न: लंडनच्या जुन्या बाजारात १६८१ सालचं कायद्याचं पुस्तक मिळालं. चामड्याची बांधणी, पाठीला किड्यांची भोकं. पुठ्ठ्याच्या आत ढाल नि शिरस्त्राण छापलेला कागद डकवलाय. खाली नाव, पुढे 'ऑफ ग्रेज इन', म्हणजे लंडनच्या वकिलांच्या संस्थेचा. म्हणजे पुस्तक पहिल्यापासून याच वकिलाचं ना?

उत्तर १: घाई नको. डकवलेला कागद म्हणजे सातबारा नव्हे! घराण्याचं चिन्ह छापलेले असे मालकीचे कागद, म्हणजे बुकप्लेट, इंग्लंडात १७०० च्या आसपास बोकाळले. नंतरच्या मालकानेही लावला असेल. शीर्षकपानावर सही शोधा. जुना इंग्रज वकील नि न्यायाधीश एडवर्ड कोक आपल्या पुस्तकांवर सही करायचा. त्याचा प्रतिस्पर्धी वकील नि तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने आपला १६२० चा ग्रंथ त्याला भेट दिला, तर कोक या पठ्ठ्याने त्यावर 'लेखकाकडून भेट' लिहून वर टोमणा हाणला: हे शाळेत शिकवायच्या नव्हे, मूर्खांच्या जहाजात भरायच्या लायकीचं. वकिली खुन्नस, दुसरं काय.

प्रश्नकर्ता: सही आहे, पण खोडलेली. आणि नाव वेगळंच! ढालीवर उभ्या बारीक रेघा, मधल्या पट्ट्यात ठिपके.

उत्तर २: सही वेगळी, म्हणजे कागद नंतरच्या मालकाचा असावा. ढालीच्या उभ्या रेघा म्हणजे लाल, ठिपके म्हणजे सोनेरी. आडव्या असत्या तर निळा. छपाई काळी, म्हणून सतराव्या शतकात ही युक्ती रूढ झाली. त्याआधी रंग हातानेच भरायचे. फ्रान्सिसचे वडील सर निकोलस बेकन, तेही ग्रेज इनचेच. त्यांनी १५७४ मध्ये केंब्रिजला दिलेल्या पुस्तकांतला कागद तसाच रंगवलेला आहे.

आणि कृपा करून तो कागद वाफेवर सोडवू नका. त्याखाली आधीच्या मालकाची सही असली, तर तीही पुसली जाऊ शकते.