शब्दचर्चा : ‘देश काढला’ की ‘राष्ट्र स्थापलं’?

चोपड्याहून :
वाचनालयाच्या वार्षिकांकासाठी लेख लिहितोय. एका विचाराची माणसं स्वतःचा सार्वभौम देश उभारायला निघतात, असा विषय. पहिल्याच वाक्याला अडलो. ‘देश काढला’ लिहिलं तर भाऊ म्हणाले, “पतपेढी काढली का रे?” ‘राष्ट्र स्थापन केलं’ मला जड वाटतं. नेमका शब्द कोणता?

अमळनेरहून :
भाऊंचं बरोबर आहे. शाळा, दुकान, पतपेढी ‘काढतात’, कारण परवानगी देणारं वर कुणीतरी बसलेलं असतं. सार्वभौमाच्या वर कुणी नसतं.

आता नामं बघू. ‘देश’ म्हणजे आपल्याकडे आधी भूभाग. कोकणातला माणूस घाट चढून ‘देशावर’ येतो, आणि आपल्या खानदेशाच्या तर नावातच देश आहे. ‘राष्ट्र’ म्हणजे आपण एक आहोत असं मानणारी माणसं. ‘राज्य’ म्हणजे कारभार आणि हुकमत. घोळ असा की ‘महाराष्ट्र राज्य’ यात दोन्ही शब्द असून सार्वभौमत्व नाही, आणि ‘संयुक्त राष्ट्रे’ ही खरं तर राज्यांची संघटना. एका विचाराच्या माणसांकडे राष्ट्र पहिल्या दिवसापासून असू शकतं. देश मात्र मिळवावा लागतो आणि राज्य चालवून दाखवावं लागतं. म्हणून त्यांनी नेमकं काय केलं, ते क्रियापद मी आधी शोधेन.

मॉर्मन पंथाचे लोक छळाला कंटाळून अमेरिकेबाहेर पडले आणि 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. तो मुलूख तेव्हा मेक्सिकोचा होता. त्यांनी पाट काढले, शेती केली, गावं उठवली. ‘वसवलं’ हे क्रियापद इथे शंभर टक्के शोभतं. पण 1848 च्या तहात ती सगळी जमीन अमेरिकेकडे गेली. 1849 मध्ये त्यांनी ‘डेझरेट’ राज्याची मांडणी केली, तीही अमेरिकेतलं एक राज्य म्हणूनच. वॉशिंग्टनने 1850 मध्ये दिला तो फक्त यूटा प्रदेश, आणि राज्याचा दर्जा मिळायला 1896 उजाडलं.

लिबरलँडचं उलटं. सरकार कमीत कमी हवं, या विचाराच्या मंडळींनी 13 एप्रिल 2015 ला डॅन्यूबकाठच्या सुमारे सात चौरस किलोमीटर जागेवर तो ‘जाहीर केला’. वसवायला गेले तर क्रोएशियाचे पोलीस आडवे आले. साधारण त्याच विचाराच्या लोकांनी पॅसिफिकमधल्या मिनर्व्हा खडकांवर वाळू टाकून जमीन ‘तयार केली’. 1972 मध्ये टोंगाच्या राजाने तिथे आपला झेंडा लावला.

रावेरहून :
आमच्याकडे हे केळीच्या मळ्यावरून समजतं. आजोबांच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिली आहे : पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडवाट, उत्तरेस भाऊबंदांचा गट, दक्षिणेस बांध. तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत आजोबांना झोप नव्हती. ‘कब्जा’ वेगळा, ‘नोंद’ वेगळी. देशाच्या बाबतीत या नोंदीला ‘मान्यता’ म्हणता येईल का?

अमळनेरहून :
म्हणता येईल, आणि ‘चतुःसीमा’ तर लेखात घ्याच. 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात राज्याच्या चार खुणा दिल्यात : कायमची वस्ती, ठरलेली हद्द, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. मान्यता नसली तरी राज्याचं अस्तित्व राहतं, असंही तो करार सांगतो. तिथे सातबाऱ्याची उपमा थोडी तुटते, कारण देशांना तलाठी नसतो. पण शेजारी दारात उभं करीत नसतील तर व्यवहाराची क्षमता दाखवायची कुठे?

अजून एक. जिथे आपलं पीठ आहे, शिस्त आहे, जमीन आहे, पण सार्वभौमत्व नाही, त्याला मराठीत जुना नेटका शब्द आहे : ‘संस्थान’. राजेरजवाड्यांचंही संस्थान आणि आमच्या गावातलं सखाराम महाराजांचंही संस्थानच. 1968 मध्ये पुदुच्चेरीजवळ वसलेलं ऑरोव्हिल हे गाव भारताच्या कायद्याखाली चालतं. त्याला ‘देश’ म्हणू नका.

चोपड्याहून :
मग असं लिहितो : “त्यांनी गाव वसवलं, राज्य जाहीर केलं; देश मिळाला नाही.”

धुळ्याहून :
वाक्य उत्तम. ‘जाहीर’वरून आठवलं. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ नाव दिलं. आज धुळ्याच्या स्टँडवर कुणालाही विचारा, दानदेश कुठे म्हणून.