कर्करोग तपासणीचा निधी वस्तीच्या समितीकडे द्यावा का?

रानवारा
दुर्लक्षित वस्त्यांमध्ये कर्करोग उशिरा सापडतो, म्हणून तिथे तपासणी शिबिरं भरवली जातात. माझं मत असं की हा निधी वस्तीतल्या लोकांच्या समितीकडे द्यावा. वेळ, जागा, माणसं आणि खर्च तिनेच ठरवावा. कारण मोठी गळती रिपोर्ट आल्यानंतर होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचातलं लपलेलं रक्त शोधणारी तपासणी पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याची पाहणी, लागते. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यायचं, आणि संडास चार घरांत मिळून एक! गुंगीतून बाहेर आल्यावर घरी न्यायला सोबत कुणीतरी हवं, म्हणजे दोघांचाही रोज बुडतो. रेफरल चिठ्ठीवर यातलं काहीच नसतं, वस्तीला मात्र सगळं ठाऊक असतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० साली रुग्णांना वाट दाखवणारे सोबती नेमले. तिथल्या रुग्णालयात स्तनाचा कर्करोग झाल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण पूर्वी ३९ टक्के होतं, पुढे ते ७० टक्क्यांवर गेलं.

काटेकोर
असहमत. हार्लेममध्ये सोबतींच्या जोडीला मोफत आणि स्वस्त तपासणीही होती, त्यामुळे सगळं श्रेय सोबतींना देता येत नाही. शिवाय तो उपक्रम एका शल्यविशारदाने चालवलेला होता, समितीने नव्हे.
आता हिशेब बघा. शौचाच्या तपासणीत साधारण ५ टक्के पॉझिटिव्ह धरले, तर हजार जणांमागे ५० कोलोनोस्कोप्या झाल्या. रुग्णालय महिन्याला दहा तारखा देत असेल तर शेवटच्या माणसाचा नंबर पाचव्या महिन्यात लागेल. समिती कितीही जागरूक असली तरी तारखा वाढत नाहीत. आधी तारखा मोजा, मग त्या हिशेबानेच शौचाच्या नमुन्याच्या नळ्या वाटा.
नमुन्यांचंही तसंच आहे. नळीवर तारीख नसेल तर प्रयोगशाळा नमुना बाद करते. नळी उन्हात राहिली तर हिमोग्लोबिनचं विघटन होतं आणि रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. त्या माणसाला खोटा दिलासा मिळतो, आणि पुढे लक्षणं दिसली तरी तो दुर्लक्ष करतो. हे काम प्रशिक्षित माणसाचंच आहे.

रानवारा
मोफत तपासणीचा मुद्दा मान्य. पण प्रशिक्षित माणूस वस्तीबाहेरूनच का आणायचा? टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठा अभ्यास केला. त्यात दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना शिकवून, अ‍ॅसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख बघण्याचं काम दिलं होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तारखांचं म्हणाल, तर रुग्णालयाकडे राखीव तारखा मागायला समितीच बसेल. एकट्या रुग्णाचं कोण ऐकतं?

ओंजळ
मला वेगळीच भीती आहे. समिती म्हटली की गल्लीतला वजनदार माणूस अध्यक्ष होतो, आणि कुणाच्या घरी गाठ निघाली ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. एकदा असं झालं की पुढच्या फेरीला बायका येत नाहीत. म्हणून नियम आधी लेखी हवेत. निम्म्या जागा उपचार घेतलेल्यांना किंवा त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना द्याव्यात. बैठकीचं मानधन द्यावं, नाहीतर फक्त रिकामा वेळ असलेलेच येतील. खात्यावर दोन सह्या लागाव्यात. पाठपुराव्याच्या वहीत नावं नकोत, क्रमांक असावेत, आणि क्रमांक-नावांची यादी फक्त सोबतीकडे असावी. गल्लीवार आकडे पाचाहून कमी असतील तर जाहीर करूच नयेत.

काटेकोर
हे लेखी असेल तर सोबती, प्रवासभाडं आणि बुडालेल्या रोजाची भरपाई समितीकडे द्यायला माझी हरकत नाही. नमुन्यांची वाहतूक आणि प्रयोगशाळेचा करार मात्र देऊ नये. आणि वहीत एक रकाना हवाच: पहिली भेट ते निदान, किती दिवस. स्तनाच्या कर्करोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट ६० दिवसांचं आहे. त्यावर गेलेल्या प्रत्येक रुग्णामागे अडलं कुठे, ते लिहायचं: तारीख नव्हती, सोबत नव्हती की पैसे नव्हते.

रानवारा
रकाना हवाच. पण तो भरल्यावर पुढच्या तिमाहीचा पैसा कुठे वळवायचा, हे ठरवणार कोण? त्यावर तुम्ही अजून काहीच म्हटलेलं नाही.