मदत हवी आहे: कॅन्सर नोंदणीचे आकडे फारच चांगले आलेत, विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एका लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणीच्या (ठरावीक भागातल्या सगळ्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणारी यंत्रणा) नोंदी तपासते आहे. नोंदणीचं नाव मुद्दाम देत नाही.

जवळजवळ प्रत्येक नोंदीला बायोप्सी किंवा सायटॉलॉजीचा (पेशींच्या तपासणीचा) आधार आहे. फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून घेतलेली नोंद (डीसीओ) शोधूनही सापडत नाही. मार्गदर्शक म्हणतात, दर्जा उत्तम. मला मात्र धास्ती वाटते. आमच्याकडे थकलेल्या माणसाच्या फुप्फुसात किंवा यकृतात गाठ दिसली की घरचे पुष्कळदा सोनोग्राफी, सीटी स्कॅनवरच थांबतात, सुई घालू देत नाहीत. ती माणसं या यादीत कुठे आहेत? दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहिलं की संपलं.

पत्त्यांचाही घोळ आहे. उपचाराला मुंबईला गेलेला माणूस पुतण्याचा पत्ता देतो आणि तिथलाच रहिवासी ठरतो. एकच बाई एका दवाखान्यात माहेरच्या आडनावाने, दुसरीकडे सासरच्या. वयं तर ५०, ६०, ६५ वरच साचलेली.

नोंदणी किती पूर्ण आहे हे तपासायला, मृत्यू-नोंदी अपुऱ्या असताना मृत्यू आणि नव्या रुग्णांचं गुणोत्तर वापरावं का? कुणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १

ताई, शंका रास्त आहे. मी काही वर्षं नोंदणीत काम केलंय. बायोप्सीचा टक्का एकत्र पाहू नका, अवयवनिहाय काढा. स्तन, तोंड, गर्भाशयमुख इथे तो जास्त असणारच. यकृत, स्वादुपिंड, मेंदू इथेही शंभराला टेकला असेल, तर नोंदणी फक्त पॅथॉलॉजी लॅबपर्यंतच पोचते आहे. डीसीओ शून्य म्हणजे बहुधा दाखले कधी जुळवलेच नाहीत.

गुणोत्तर जपून वापरा. मृत्यू सुटले की ते कमी येतं आणि रुग्ण जगताहेत असा भास होतो.

एक तालुका, एक वर्ष घ्या. ग्रामपंचायत-नगरपालिकेची मृत्यू रजिस्टरं परवानगीने हातात घेऊन नाव, वय, गाव कॅन्सर नोंदणीशी जुळवा. तिथे नाव सापडलं नाही तर रुग्णालयापर्यंत उलटा माग काढा. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली ती गावोगाव माणसं पाठवूनच. कागद आपल्याकडे चालत येत नाहीत हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. अवयवनिहाय तक्ता आज रात्रीच करते. आडनाव बदललेल्या बायका जुळवताना तुम्ही वडिलांचं नाव धरायचात की नवऱ्याचं?